हरवलेला खेळाचा तास

माध्यमिक शाळेच्या नववी-दहावीच्या वर्गात जावे आणि भिंतीवर चिकटवलेले वेळापत्रक पाहावे. ‘शारीरिक शिक्षण’ हे शब्द त्यात सुवाच्य अक्षरांत लिहिलेले असतात. मग पहिल्या बाकावरच्या विद्यार्थ्याला विचारावे, “गेल्या आठवड्यात खेळाच्या तासाला काय खेळलात?” बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळते : “तो तास गणिताच्या सरांनी घेतला.” कुठे गणित असेल, कुठे विज्ञान, कुठे सराव परीक्षा, पण तास गेलेला असतो, हे निश्चित. वर्षाच्या शेवटी मात्र प्रगतिपत्रकावर आरोग्य व शारीरिक शिक्षण या विषयापुढे ‘अ’ श्रेणी दिमाखाने विराजमान होते.

हा तास कोणी रद्द केला? शासनाचा तसा निर्णय नाही, मंडळाचे परिपत्रक नाही, संस्थाचालकांचा ठराव नाही. मुख्याध्यापकांना निकालाची काळजी असते, शिक्षकांना अभ्यासक्रम पूर्ण करायचा असतो आणि पालकांना गुण हवे असतात. प्रत्येकाचा हेतू मुलाचे भले करण्याचाच असतो. या सामुदायिक सदिच्छेत मुलाचे आरोग्य मात्र हळूहळू झिजत जाते आणि त्याची तक्रार कोणीच करत नाही. कारण ज्याचा तास गेला तो अजाण असतो आणि ज्यांनी नेला ते त्याचे हितचिंतकच असतात.

हे सारे नेमके कोणत्या वयात घडते, याचा विचार केला म्हणजे विषयाचे गांभीर्य ध्यानी येते. तेरा ते सोळा हे वय म्हणजे देहाच्या उभारणीचे वय. उंची झपाट्याने वाढते, हाडांची आणि स्नायूंची घडण होते, मुलींची मासिक पाळी सुरू झालेली असते, मनात नव्या भावनांचा कल्लोळ असतो. शेतकरी जसा कणसात दाणा भरण्याच्या वेळी पाणी तोडत नाही, तसे या वयात अन्न, झोप आणि खेळ तोडता कामा नये. आपण तोडतो ते नेमके त्याच वेळी.

शासनाच्या व्यवस्थेतही हाच खंड दिसतो. २००९ सालचा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा या वयोगटापुरता आहे. शाळेला क्रीडांगण असावे, शंभराहून अधिक पटाच्या उच्च प्राथमिक शाळेत आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे त्या कायद्याच्या परिशिष्टात म्हटले आहे. शालेय पोषण आहार, म्हणजे आजची प्रधानमंत्री पोषणशक्ती निर्माण योजना, आठवीपर्यंतच आहे. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्याला दुपारच्या जेवणातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, हा तिचा निकष. तोच विद्यार्थी जूनमध्ये नववीच्या वर्गात जाऊन बसला की ताट बंद होते. भूक मात्र आठवीत थांबत नाही. ती वाढलेली असते. ज्या घरी सकाळी सातला आईवडील दोघेही मजुरीला बाहेर पडतात, त्या घरातील मूल दुपारी काय खाते? शाळेच्या फाटकाशी असलेल्या टपरीवर पाच रुपयांना मिळणारी वेफर्सची पुडी खाते. मध्यमवर्गीय घरातील मुलाची कथाही फार वेगळी नाही. त्याच्या डब्यात पोळीभाजी असते, पण ती तशीच घरी परत येते; कारण मधली सुट्टी गृहपाठ उतरवण्यात गेलेली असते.

याचा परिणाम आकड्यांत उमटला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये आणि ३१.१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या, २०१५-१६ च्या फेरीत मुलींचे प्रमाण ५४.१ टक्के होते. म्हणजे मधल्या काळात ते घटण्याऐवजी वाढले. दहा मुलींपैकी सहा मुली थकलेल्या रक्तानिशी वर्गात बसतात आणि आपण त्यांना ‘लक्ष देत नाहीस’ म्हणून रागावतो! रक्तात लोह कमी असेल तर थकवा येतो, धाप लागते, एकाग्रता टिकत नाही. याच मुली पुढे माता होणार आहेत. मातृशक्तीचा गौरव आपण व्यासपीठावरून नित्य करतो. त्या मातृशक्तीच्या रक्तातील लोह किती आहे, हे पाहण्याची तसदी मात्र घेत नाही.

उपाय अवघड आहेत असेही नाही. केंद्र सरकारने २०१८ साली ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ अभियान सुरू केले. त्यानुसार शाळांतून किशोरवयीनांना आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक अ‍ॅसिडची निळी गोळी दिली जाते आणि वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी. अनेक मुली ती निळी गोळी हातात घेतात आणि खिडकीबाहेर टाकतात. एखादीला उपाशीपोटी घेतल्याने मळमळले की अफवा गावभर पसरते. गोळी जेवणानंतर घ्यावी, जेवणाबरोबर चहा घेऊ नये कारण तो लोहाचे शोषण रोखतो, लिंबू किंवा आवळा खावा कारण तो शोषणास मदत करतो, एवढे समजावून सांगणारे एक विश्वासाचे माणूस तेथे हवे असते. अळिवाचे लाडू, गूळ-शेंगदाणे, पालेभाज्या आणि लोखंडी कढई हे सारे आपल्या आजींना ठाऊक होते. आजी गावी राहिली, कढई माळ्यावर गेली आणि हे शहाणपणही त्यांच्यासोबत गेले.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. शाळेतील स्वच्छतागृह वापरावे लागू नये म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली आजही आहेत. १५ ऑगस्ट २०१४ रोजी लाल किल्ल्यावरून प्रत्येक शाळेत मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह असावे, असे आवाहन पंतप्रधानांनी केले, त्या वेळी अनेकांनी नाक मुरडले. लाल किल्ल्यावरून बोलण्याचा हा विषय आहे काय, असे विचारले गेले. तो विषय किती मूलगामी होता, हे पुढे कळले. देशभर बांधकामे झाली. पण बांधकाम शासन करू शकते. त्यात पाणी आहे का, कडी लागते का, रोज ते झाडले जाते का, हे शाळेने आणि गावाने पाहायचे असते. त्या चार दिवसांत मुलगी शाळेत येऊ शकते की घरी बसते, हे या कडीवर आणि या पाण्यावर ठरते.

शरीराविषयीची ही अनास्था आपल्या परंपरेतून आलेली नाही. चरकाचार्यांनी जीवनाचे तीन उपस्तंभ सांगितले : आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. कालिदासाने धर्माचरणाचे पहिले साधन म्हणून शरीराकडेच बोट दाखवले. समर्थ रामदासांनी गावोगावी मारुतीची स्थापना केली ती केवळ शेंदूर लावण्यासाठी नव्हे, तर मारुतीच्या देवळाशेजारी तालीम उभी राहावी म्हणून, असेच महाराष्ट्राने मानले. आधुनिक काळातही ही धारा आटली नाही. औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नित्यनेमाने सूर्यनमस्कार घालत आणि आपल्या संस्थानातील शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. १९२४ हे तर विशेष वर्ष. त्याच वर्षी लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ. पुढच्याच वर्षी विजयादशमीला नागपुरात डॉ. हेडगेवारांनी ज्या कार्याचा प्रारंभ केला, त्याचे केंद्रही मैदानच होते. देश पारतंत्र्यात होता, साधने तुटपुंजी होती. तरीही राष्ट्र उभारायचे तर आधी किशोरवयीन मुलाचा देह उभारला पाहिजे, याविषयी त्या पिढीच्या मनात शंका नव्हती.

या संदर्भात लोकमान्य टिळकांचे उदाहरण प्रत्येक पालकाने स्मरावे असे आहे. डेक्कन महाविद्यालयात प्रवेश घेतला तेव्हा टिळकांची प्रकृती तोळामासाच होती. त्यांनी पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून व्यायामाला, पोहण्याला आणि आहाराला वाहून घेतले. त्या वर्षीची परीक्षा गेली. पण पुढे हेच टिळक गणित घेऊन पहिल्या वर्गात पदवीधर झाले आणि पन्नाशी उलटल्यावर मधुमेहाचा विकार जडलेला असताना मंडालेच्या तुरुंगातील सहा वर्षांचा कारावास सोसून, ‘गीतारहस्या’सारखा ग्रंथ लिहून परतले. त्या सहा वर्षांची तरतूद त्या एका ‘वाया घालवलेल्या’ वर्षात झाली होती. आज एखाद्या मुलाने बापाला म्हटले, “बाबा, मला वर्षभर फक्त शरीर कमवायचे आहे,” तर घरात काय गहजब होईल! एक वर्ष राहू द्या, आपण त्याला दिवसाचा एक तासही देत नाही.

येथे थोडे आत्मपरीक्षणही आवश्यक आहे. शाळांतील सूर्यनमस्कारांवरून २००७ साली मध्य प्रदेशात आणि २०१६ साली मुंबई महापालिकेत मोठे वाद झाले. व्यायामात धर्म शोधणाऱ्यांचा समाचार आपण त्या वेळी घेतला, तो योग्यच होता. ज्याला मंत्र म्हणायचा नसेल त्याने मंत्राविना नमस्कार घालावा. स्नायू काही कोणाचा पंथ विचारत नाहीत. पण वाद जिंकल्यानंतर रोज सकाळी मुलांसमवेत मैदानावर उभे राहायला कोण गेले? रथसप्तमीला शाळाशाळांत सामूहिक सूर्यनमस्कारांचे कार्यक्रम उत्साहाने होतात, छायाचित्रे छापून येतात. प्रश्न सप्तमीचा नाही, अष्टमीचा आहे. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर किती मुले असतात?

आणि आपल्याच घरात काय चालले आहे? मुलगा आठवीपर्यंत शाखेत येतो, खेळतो, घामाघूम होऊन घरी जातो. नववी संपता संपता त्याचे येणे थांबते. चौकशीला गेलेल्या मुख्यशिक्षकाला दारातच उत्तर मिळते, “यंदा दहावी आहे हो, परीक्षा झाली की पाठवतो.” हे सांगणारे वडील स्वतः जुने स्वयंसेवक असतात, बालपणी मैदानाने आपल्याला काय दिले याच्या आठवणी रंगवून सांगणारे असतात. वर्ध्यात १९३६ साली वंदनीय मावशी केळकरांनी सेविका समिती स्थापन केली, तिच्या कार्यक्रमात शारीरिक शिक्षणाला मानाचे स्थान होते. आज समितीच्या शाखेतून दहावीतील मुलगी वजा होते, तेव्हा तिच्या आईलाही त्यात काही वावगे वाटत नाही. समाजाला उपदेश करण्यापूर्वी हा हिशेब आपण आपल्याशी मांडला पाहिजे.

गेलेल्या तासाचे पुढे होते काय? तो अभ्यासाला मिळतो असा समज आहे. वास्तव तसे नाही. सकाळी सहाची शिकवणी, दुपारी शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास आणि रात्री साडेअकराला हातात मोबाईल, हा आजच्या दहावीच्या विद्यार्थ्याचा दिनक्रम आहे. या वयात आठ ते दहा तास झोप हवी, असे वैद्यक सांगते. आपली मुले सहा तास झोपतात आणि वर्गात पेंगतात. दिवसभरात जे शिकले ते स्मरणात पक्के होण्याचे काम झोपेतच होते. म्हणजे झोप तोडून केलेला अभ्यास हा फुटक्या रांजणात भरलेल्या पाण्यासारखा. चरकाचार्यांनी निद्रेला उगाच उपस्तंभ म्हटले नाही. तिसरा उपस्तंभ जो ब्रह्मचर्य, त्याचा विद्यार्थिदशेतील अर्थ इंद्रियांचा संयम असा घेतला, तर पडद्याला चिकटलेले डोळे आणि क्षणाक्षणाला विचलित होणारे मन यांवरचा तो उपायच ठरतो. उघड्यावर, सूर्यप्रकाशात घालवलेला वेळ मुलांच्या डोळ्यांना लघुदृष्टीपासून वाचवतो, हेही आता सिद्ध झाले आहे. तैवानने २०१० पासून शाळांतील मुलांना रोज दोन तास उघड्यावर नेण्याचा आग्रह धरला तो याच कारणासाठी.

देहाची ही ओढाताण मनापर्यंत पोहोचल्यावाचून राहत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी जीवन संपवले आणि राज्यांत सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. संतांच्या भूमीत हे घडावे, ही मान खाली घालायला लावणारी गोष्ट आहे. या प्रसंगी ‘आजची मुले दुबळी झाली’ किंवा ‘संस्कार कमी पडले’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह आवरला पाहिजे. मनाचे आजार हे आजारच असतात. त्यांवर वेळीच उपचार केले तर ते बरे होतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, गुणांनुसार तुकड्या पाडण्याचे शक्यतो टाळावे, विद्यार्थ्यांचा चारचौघांत पाणउतारा करू नये, असे त्यांत म्हटले आहे. हुशार मुलांची ‘अ’ तुकडी आणि उरलेल्यांची ‘ड’ तुकडी करण्यात भूषण मानणाऱ्या आपल्या संस्थांनी हे निर्देश पुन्हा एकदा वाचावेत. ‘टेली-मानस’ ही शासनाची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तो क्रमांक शाळेच्या फलकावर लिहायला खडूचा एक तुकडा पुरतो.

मैदानाचे मोल येथेही आहे. खो-खोत बाद झालेला मुलगा दोन मिनिटे खट्टू होतो आणि पुढच्या डावात पुन्हा धावतो. हरणे हा शेवट नसतो, हा धडा त्याला मैदानावर रोज फुकट मिळतो. सोबत्याच्या खांद्यावर हात टाकून घरी जाताना तो मनातले चार शब्द बोलतो. ज्या मुलाला हरण्याची सवय नाही आणि ज्याच्या खांद्यावर कोणाचा हात नाही, तो निकालाच्या दिवशी एकटा पडतो.

मग करायचे काय? शासनाने नववी-दहावीलाही पोषण आहार द्यावा, रिक्त क्रीडाशिक्षकांची पदे भरावीत, या मागण्या रास्त आहेत आणि त्या लावून धरल्याच पाहिजेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अभ्यासविषय आणि अभ्यासेतर उपक्रम यांतील भिंत पाडायला सांगितले आहे. त्या धोरणाचे स्वागत करणाऱ्यांनी ती भिंत आपल्या शाळेत पडली का, हे पाहावे. पण सारे काही शासनाने करावे, अशी अपेक्षा ठेवून बसणे हा आपला स्वभाव नव्हे. आपल्या प्रत्येक नगरात, प्रत्येक खंडात एखादी तरी माध्यमिक शाळा अशी असते, जिच्या संस्थाचालकांत, शिक्षकांत, माजी विद्यार्थ्यांत किंवा पालकांत आपले कार्यकर्ते असतात. त्या एका शाळेपासून प्रारंभ करता येईल.

पहिले काम, खेळाचा तास परत मिळवणे. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत दोन पालकांनी उभे राहून नम्रपणे म्हणावे, “आमच्या मुलांचा हा तास कोणालाही देऊ नका.” आजवर पालकांनी अधिक अभ्यास मागितला म्हणून शाळांनी तास कापला, पालकांनीच खेळ मागितला तर शाळेलाही बळ येईल. दुसरे काम, वर्षातून एकदा प्रत्येक विद्यार्थ्याची उंची, वजन, दृष्टी आणि हिमोग्लोबिन यांची तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शासकीय व अनुदानित शाळांत येते. ते जाते तेव्हा पुढील उपचारांची चिठ्ठी अनेकदा दप्तराच्या तळाशी राहते. त्या चिठ्ठीचा पाठपुरावा करणे हे आरोग्य भारतीच्या एखाद्या डॉक्टरला आणि दोन गृहिणींना सहज जमेल. तिसरे, स्वच्छतागृह व पिण्याचे पाणी यांची दरमहा पाहणी, आणि ती महिला पालकांनी करावी. चौथे, शाळेचा परिसर. शैक्षणिक संस्थेच्या शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री २००३ च्या कायद्याने निषिद्ध आहे, आणि शाळेत व तिच्या ५० मीटरच्या परिसरात साखर, मीठ व चरबीने ठासलेले खाद्यपदार्थ विकण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी मनाई आहे. तेथल्या टपरीवाल्याशी भांडण न करता, त्याला शेंगदाण्याची चिक्की, फुटाणे, केळी विकायला लावता आले तर त्याचाही संसार चालेल आणि मुलांचेही भले होईल.

पाचवे काम घरातले आहे आणि तेच सर्वांत कठीण आहे. रात्री दहाला घरातले सर्व मोबाईल, वडिलांच्या मोबाईलसह, एका जागी ठेवले जावेत. एक वेळचे जेवण सर्वांनी एकत्र, दूरचित्रवाणी बंद ठेवून घ्यावे. आणि संध्याकाळी एक तास मुलाला किंवा मुलीला मैदानावर सोडावे. तो दहावीत असेल तर आवर्जून सोडावे.

गुणपत्रिका महत्त्वाची आहेच. तिची अवहेलना कोणी करू नये. परंतु ती गुणपत्रिका ज्या हातांत येणार, त्या हातांत बळ आणि ज्या मनाला ती पेलायची, त्या मनात धीर असला पाहिजे. हे दोन्ही देणारा तास शाळेच्या वेळापत्रकात आधीपासून छापलेला आहे. नवा कायदा नको, नवा निधी नको. येत्या आठवड्यात आपल्या मुलाच्या शाळेत जावे, ते वेळापत्रक पाहावे आणि एवढेच विचारावे : “हा तास मैदानावर होतो ना?”